ध्वनिशक्ती पातळी: डेसिबलचा हिशेब मुळापासून, सोसायटीच्या जनित्राच्या निमित्ताने

मुंबईतील एखाद्या गृहनिर्माण संस्थेला उद्वाहन आणि पाण्याचे पंप वीज गेल्यावरही चालू ठेवायचे असतात, म्हणून कार्यकारिणी डिझेल जनित्रासाठी दरपत्रके मागवते. समजा दोन दरपत्रके आली. पहिल्यात लिहिले आहे, ‘आवाज: १ मीटरवर ७५ डीबीए’, आणि दुसऱ्यात लिहिले आहे, ‘आवाज: ७ मीटरवर ६६ डीबीए’. डीबीए म्हणजे मानवी कानाच्या धर्तीवर मोजलेले डेसिबल. क्षमता दोन्हींची ६२.५ केव्हीए. सभेत बहुतेकांचे मत दुसऱ्या जनित्राकडे झुकते, कारण ६६ हा आकडा ७५ पेक्षा नऊने लहान आहे. प्रत्यक्षात या दोन यंत्रांच्या आवाजात जेमतेम दीड डेसिबलचा फरक आहे, आणि तो कसा, हे ध्वनिशक्ती पातळी काढता आली तरच कळते. ही आकडेमोड अवघड नाही. दहावीपर्यंतचे गणित आणि लॉगचे बटण असलेला कॅल्क्युलेटर एवढ्यावर ती पूर्ण होते. पण तिचा क्रम पाळावा लागतो, आणि दोन-तीन ठिकाणी नेहमी होणाऱ्या चुका टाळाव्या लागतात.

दाब निराळा, शक्ती निराळी

ध्वनिमापक हातात धरून जो आकडा वाचला जातो, ती ध्वनिदाब पातळी असते. मापकाच्या मायक्रोफोनपाशी हवेचा दाब किती खालीवर होतो, हे ती सांगते; त्यामुळे ती यंत्रापासूनचे अंतर, मधली भिंत, खालची फरशी, वरचे छत आणि आजूबाजूच्या इमारती या सगळ्यांवर अवलंबून असते. ध्वनिशक्ती म्हणजे यंत्र दर सेकंदाला ध्वनीच्या रूपाने बाहेर टाकत असलेली एकूण ऊर्जा. ती वॅटमध्ये मोजतात. यंत्र दादरच्या चिंचोळ्या आवारात ठेवले काय किंवा मोकळ्या माळावर ठेवले काय, तोच वेग आणि तोच भार असताना ही शक्ती जवळपास तीच राहते. म्हणून ध्वनिशक्ती हा यंत्राचा गुणधर्म आहे आणि ध्वनिदाब हा त्या जागेवरचा परिणाम आहे.

दोन्ही पातळ्या डेसिबलमध्येच सांगितल्या जातात, आणि घोटाळ्याचे मूळ इथेच आहे. डेसिबल हे वजन किंवा लांबीसारखे स्वतंत्र एकक नाही. ते एका राशीचे दुसऱ्या, आधी ठरवलेल्या संदर्भ-राशीशी असलेले गुणोत्तर लॉगमध्ये मांडते. ध्वनिदाबाचा संदर्भ २० मायक्रोपास्कल आहे, तर ध्वनिशक्तीचा संदर्भ एक पिकोवॅट आहे, म्हणजे एका वॅटचे एक लाख कोटी भाग केले तर त्यांतील एक भाग. माहितीपत्रकावर नुसते ‘६५ डेसिबल’ छापलेले असेल, तर ते दाबाचे की शक्तीचे, आणि दाबाचे असल्यास किती अंतरावरचे, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला काहीही अर्थ नाही.

मूळ सूत्र असे आहे:

ध्वनिशक्ती पातळी = १० × लॉग (ध्वनिशक्ती ÷ १ पिकोवॅट)

लॉग इथे दहाच्या पायाचा घ्यायचा. एक वॅटमध्ये एक लाख कोटी पिकोवॅट असतात, म्हणजे एकावर बारा शून्ये, म्हणून लॉग १२ आणि पातळी १२० डेसिबल. एक मिलिवॅटसाठी शून्ये नऊ उरतात आणि पातळी ९० डेसिबल येते. माणूस साध्या आवाजात बोलतो तेव्हा त्याची ध्वनिशक्ती साधारण दहा मायक्रोवॅट असते, म्हणजे ७० डेसिबल. मधल्या आकड्यांसाठी चार लॉग लक्षात ठेवले तरी पुरते: २ चा ०.३०, ३ चा ०.४८, ५ चा ०.७० आणि ७ चा ०.८५. एखाद्या यंत्राची ध्वनिशक्ती ०.०५ वॅट असेल, तर ती ५ वर दहा शून्ये इतके पिकोवॅट झाली, लॉग १०.७ आणि पातळी १०७ डेसिबल. उलट जायचे असल्यास पातळीला दहाने भागून तेवढा दहाचा घात काढायचा, की पिकोवॅट मिळतात.

यातून काही गोष्टी लगेच ध्यानात येतात. शक्ती दुप्पट झाली की पातळी ३ ने वाढते आणि दसपट झाली की १० ने. एकसारखी दोन यंत्रे शेजारी चालवली तर ९० अधिक ९० मिळून १८० होत नाहीत, ९३ होतात. ३ डेसिबलची वाढ कानाला जेमतेम जाणवते, तर १० डेसिबलची वाढ साधारणपणे दुप्पट मोठा आवाज म्हणून जाणवते. म्हणून ‘आवाज दहा टक्के कमी केला’ असे डेसिबलच्या आकड्यावरून म्हणणे चुकीचे आहे. ९० चे ८१ झाले असतील तर शक्ती आठपटीने घटलेली आहे.

डेसिबलची बेरीज आणि सरासरी

निरनिराळ्या पातळ्यांची बेरीज करताना प्रत्येक पातळीला दहाने भागायचे, तेवढा दहाचा घात काढायचा, ते घात मिळवायचे आणि बेरजेचा लॉग घेऊन दहाने गुणायचे. दोनच पातळ्या असतील तर फरक पाहून काम भागते: फरक शून्य असेल तर मोठ्या पातळीत ३ मिळवा, फरक १ असेल तर २.५, फरक २ असेल तर २.१, फरक ३ असेल तर १.८, फरक ६ असेल तर १, आणि फरक १० असेल तर ०.४. एकसारखी अनेक यंत्रे असतील तर यंत्रांच्या संख्येचा लॉग दहाने गुणून मिळवायचा. इमारतीच्या मागच्या डक्टमध्ये वातानुकूलन यंत्रांची सहा बाह्य युनिटे असतील आणि प्रत्येकाची ध्वनिशक्ती पातळी ६५ असेल, तर एकूण ७२.८ होते.

सरासरी काढतानाही हाच मार्ग घ्यावा लागतो. फक्त शेवटी घातांच्या बेरजेला वाचनांच्या संख्येने भागून मग लॉग घ्यायचा. साधी सरासरी काढली तर मोठ्या आकड्याचे वजन कमी पडते आणि यंत्र आहे त्यापेक्षा शांत भासते.

मोजणीची पूर्वतयारी

ध्वनिशक्ती थेट मोजणारे साधन सोसायटीला मिळणार नाही. ती दाबाच्या वाचनांवरून काढायची असते, आणि त्यासाठीची पद्धत आयएसओ ३७४४ आणि तिच्याहून ढोबळ असलेली आयएसओ ३७४६ या आंतरराष्ट्रीय मानकांमध्ये दिलेली आहे. कल्पना सरळ आहे. यंत्राभोवती एक काल्पनिक पेटी आखायची, तिच्या प्रत्येक बाजूवर दाब मोजायचा, आणि त्या पेटीच्या एकूण क्षेत्रफळाचा हिशेब धरून बाहेर पडणारी सगळी शक्ती गोळा करायची. आवाज कुठूनही निघाला तरी त्या पेटीतून जाण्यावाचून त्याला मार्ग नाही.

ध्वनिमापक अचूकतेच्या निदान दुसऱ्या वर्गाचा हवा आणि मोजणीच्या आधी व नंतर तो कॅलिब्रेटरने तपासायला हवा. कॅलिब्रेटर सहसा १००० हर्ट्झला ९४ किंवा ११४ डेसिबलचा स्वर देतो. मोबाइलवरचे अॅप अंदाजासाठी ठीक आहे, पण ज्या कागदावर सही करायची किंवा जो ठेकेदारासमोर ठेवायचा त्यासाठी ते वापरू नये. मायक्रोफोनवर स्पंजचा गोळा लावावा, कारण समुद्राकडून येणारा दुपारनंतरचा वारा मायक्रोफोनवर आदळून वाचन फुगवतो. पावसात मोजणी करू नये; पत्र्यावर पडणाऱ्या सरींचा आवाज जनित्राच्या आवाजात मिसळतो आणि तो वेगळा काढता येत नाही. मुंबईत पार्श्वध्वनी, म्हणजे यंत्र बंद असतानाही असणारा आजूबाजूचा आवाज, फारसा खाली येत नाही, म्हणून रविवारी सकाळी सात-आठच्या सुमारास, रहदारी तुरळक असताना हे काम उरकावे. मध्यरात्री शांतता जास्त असते हे खरे, पण मोजणीसाठी त्या वेळी जनित्र चालवणे शेजाऱ्यांवर अन्याय करणारे आहे.

जनित्रावर भार असायला हवा. रिकामे फिरणारे जनित्र आणि उद्वाहने व पंप ओढणारे जनित्र यांच्या आवाजात फरक असतो, म्हणून भार किती होता हे वाचनांसोबत लिहून ठेवावे.

प्रत्यक्ष मोजणी आणि हिशेब

पहिली पायरी म्हणजे यंत्राची मापे घेणे. आपल्या उदाहरणात जनित्राचे ध्वनिरोधक आवरण २.५ मीटर लांब, १.२ मीटर रुंद आणि १.६ मीटर उंच आहे आणि ते सिमेंटच्या चौथऱ्यावर मोकळ्या आवारात ठेवलेले आहे. आवरणापासून सर्व बाजूंनी १ मीटर अंतरावर काल्पनिक पेटी धरली. तिचे क्षेत्रफळ काढण्यासाठी तीन मापे लागतात: लांबीचे अर्धे अधिक १, म्हणजे २.२५, रुंदीचे अर्धे अधिक १, म्हणजे १.६, आणि पूर्ण उंची अधिक १, म्हणजे २.६. या तिघांचे दोन-दोनचे गुणाकार ३.६०, ४.१६ आणि ५.८५ येतात, त्यांची बेरीज १३.६१, आणि तिला चारने गुणले की क्षेत्रफळ ५४.४ चौरस मीटर. जमिनीकडची बाजू यात धरलेली नाही, कारण कठीण जमीन ध्वनी परत वर पाठवते.

दुसरी पायरी म्हणजे वाचने. मानकात बिंदूंची संख्या यापेक्षा जास्त सांगितलेली आहे. पद्धत समजावी म्हणून इथे चार बाजूंच्या मध्याशी चार आणि वर काठीला मायक्रोफोन बांधून एक, असे पाच बिंदू घेऊ. समजा दोन लांब बाजूंवर ७३ आणि ७२, मागच्या आखूड बाजूवर ७४, रेडिएटरची गरम हवा जिथून बाहेर पडते त्या आखूड बाजूवर ८०, आणि वरती ७१ डीबीए मिळाले. साधी सरासरी ७४.० येते. घातांच्या मार्गाने काढलेली खरी सरासरी ७५.४ येते.

तिसरी पायरी म्हणजे पार्श्वध्वनीची वजाबाकी. जनित्र बंद करून त्याच बिंदूंवर पुन्हा मोजले आणि सरासरी ६६ डीबीए आली. दोन्हींतील फरक ९.४ आहे. फरक १५ किंवा त्याहून जास्त असता तर वजाबाकीची गरज नव्हती; ६ पेक्षा कमी असता तर आयएसओ ३७४४ च्या दृष्टीने मोजणीच अग्राह्य ठरली असती. इथे ७५.४ च्या घातातून ६६ चा घात वजा करून लॉग घेतला की ७४.९ मिळतात.

चौथी पायरी म्हणजे क्षेत्रफळ मिळवणे:

ध्वनिशक्ती पातळी = सरासरी दाब पातळी + १० × लॉग (क्षेत्रफळ, चौरस मीटरमध्ये)

५४.४ चा लॉग १.७३६, म्हणून १७.४ मिळवायचे. उत्तर ९२.३ डीबीए. वॅटमध्ये ही शक्ती १.७ मिलिवॅट भरते. पन्नास किलोवॅट वीज देऊ शकणारे यंत्र दोन मिलिवॅटपेक्षाही कमी ऊर्जा ध्वनीत घालवते आणि तेवढ्यावर शेजारच्या तीन मजल्यांची झोप उडते. कान किती संवेदनशील आहे, याचा हा नमुना आहे.

आता सुरुवातीच्या दोन दरपत्रकांकडे वळू. पहिल्याचे ७५ डीबीए हे आवरणाच्या पृष्ठभागापासून १ मीटरवरचे आहेत. केंद्र शासनाच्या नियमानुसार १ जानेवारी २००५ पासून बनलेल्या, १००० केव्हीएपर्यंतच्या जनित्रांना हीच मर्यादा आहे. मापे वरीलप्रमाणेच असतील तर त्याची ध्वनिशक्ती पातळी ७५ अधिक १७.४, म्हणजे ९२.४ झाली. दुसऱ्याचे ६६ डीबीए यंत्राच्या मध्यापासून ७ मीटरवरचे आहेत. तिथे यंत्राला जमिनीवरचा बिंदू मानून अर्धगोलाचे सूत्र चालते: पातळीत अंतराच्या लॉगची वीसपट आणि वर ८ मिळवायचे. ६६ अधिक १६.९ अधिक ८, म्हणजे ९०.९. फरक दीड डेसिबल, नऊ नव्हे.

इथली सगळ्यात महागात पडणारी चूक अशी, की लोक हेच अर्धगोलाचे सूत्र पहिल्या आकड्यालाही लावतात. एकचा लॉग शून्य, म्हणून ७५ अधिक ८, ध्वनिशक्ती ८३, असा निष्कर्ष निघतो आणि तो नऊपेक्षा जास्त डेसिबलने चुकतो. अडीच मीटर लांबीचे यंत्र एक मीटरवरून बिंदू नसते. बिंदूचे सूत्र यंत्राच्या सर्वांत मोठ्या मापाच्या दुपटीपलीकडे, शक्यतो त्याहूनही दूर, वापरावे. त्याच्या आत पेटीचे क्षेत्रफळच घ्यावे. पेटीच्या पद्धतीत कोपऱ्यांमुळे उत्तर किंचित जास्त येते, पण शेजाऱ्याच्या बाजूने झुकलेली चूक मला मान्य आहे.

आवाज कुठून निघतो आहे

वरच्या हिशेबात पाचही वाचनांना सारखे वजन दिले. प्रत्येक बाजूचे क्षेत्रफळ वेगळे धरले तर उत्तर थोडे बदलते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे उपाय कुठे करायचा ते दिसते. एकूण ५४.४ चौरस मीटरपैकी वरची बाजू १४.४, प्रत्येक लांब बाजू ११.७ आणि प्रत्येक आखूड बाजू ८.३ चौरस मीटरची आहे. रेडिएटरच्या बाजूची शक्ती ८० अधिक ९.२, म्हणजे ८९.२ डीबीए. लांब बाजूंची ८३.७ आणि ८२.७, मागच्या आखूड बाजूची ८३.२ आणि वरच्या बाजूची ८२.६. पाचांची घातांनी बेरीज केली की ९२.२ येते, आणि पार्श्वध्वनी वजा केल्यावर ती आणखी अर्ध्या डेसिबलने उतरते.

शक्तीच्या भाषेत पाहिले तर निम्म्याहून थोडी जास्त शक्ती एकट्या रेडिएटरच्या बाजूने बाहेर पडते आहे, जरी ती बाजू क्षेत्रफळाने सर्वांत लहान बाजूंपैकी आहे. तिथे ध्वनिशोषक पट्ट्यांचा झरोका बसवून ८० चे ७२ केले, तर एकूण पातळी ९२.२ वरून ८९.८ वर येईल, म्हणजे २.४ डेसिबलची घट. ठेकेदार ‘आठ डेसिबल कमी केले’ म्हणेल आणि त्याचे म्हणणे त्या एका बाजूपुरते खरे असेल. ज्या कुटुंबाच्या खिडक्या नेमक्या त्या बाजूला आहेत त्यांना जवळपास पूर्ण फायदा मिळेल; मागच्या बाजूच्या कुटुंबाला फरक जाणवणारही नाही. म्हणून खर्च करण्याआधी असा बाजूवार हिशेब करावाच.

आवरणाच्या दाराच्या रबरी पट्ट्याही याच वेळी तपासाव्यात. एखाद्या भिंतीच्या एक टक्का क्षेत्रफळाची उघडी फट राहिली, तर ती भिंत कितीही जाड असली तरी सुमारे २० डेसिबलपेक्षा जास्त ध्वनी अडवू शकत नाही.

शेजारच्या खिडकीपाशी काय ऐकू येईल

ध्वनिशक्ती पातळी हाती आली की यंत्र बसवण्याआधीच कोणत्याही अंतरावरची दाब पातळी काढता येते, आणि हाच तिचा खरा उपयोग आहे. सूत्र उलटे फिरवायचे:

दाब पातळी = ध्वनिशक्ती पातळी − २० × लॉग (अंतर, मीटरमध्ये) − स्थानांक

यंत्र हवेत मोकळे असेल तर स्थानांक ११, कठीण जमिनीवर असेल तर ८, जमिनीवर आणि भिंतीला लागून असेल तर ५, आणि दोन भिंतींच्या कोपऱ्यात असेल तर २. आपल्या जनित्राची ९२.३ ही पातळी घेऊन १२ मीटरवरच्या खिडकीचा हिशेब करू. १२ च्या लॉगची वीसपट २१.६. जनित्र आवाराच्या मध्यभागी असेल तर ६२.७ डीबीए, कुंपणाच्या उंच भिंतीला टेकवले तर ६५.७, आणि कोपऱ्यात ढकलले तर ६८.७. जागा वाचवण्यासाठी मुंबईत जनित्र बहुतेक वेळा कोपऱ्यातच जाते, आणि त्या एका निर्णयाने शक्ती चौपट झाल्यासारखा आवाज वाढतो. रेडिएटरची बाजू खिडकीकडे असेल तर त्यात आणखी चार-साडेचार डेसिबलची भर धरावी. ती बाजू रस्त्याकडे वळवण्याला खर्च येत नाही, फक्त ते चौथरा बांधण्याआधी ठरवावे लागते.

दोन उंच इमारतींच्या मधल्या बोळात हे सूत्र कमी आकडा सांगते, कारण ध्वनी समोरासमोरच्या भिंतींवर आपटत वर चढतो. अशा ठिकाणी मी निदान तीन डेसिबल जास्त धरतो.

हे आकडे कशाशी ताडून पाहायचे, तर १४ फेब्रुवारी २००० रोजी अधिसूचित झालेल्या ध्वनिप्रदूषण नियमांतील मर्यादांशी. निवासी क्षेत्रात दिवसा, म्हणजे सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत, ५५ डीबीए आणि रात्री ४५. व्यापारी क्षेत्रात ६५ आणि ५५. औद्योगिक क्षेत्रात ७५ आणि ७०. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. या मर्यादा त्या कालावधीतल्या समतुल्य सरासरीच्या आहेत, क्षणिक वाचनाच्या नाहीत. त्यामुळे जनित्र किती वेळ चालते हेही हिशेबात येते: चालण्याच्या वेळेला एकूण कालावधीने भागून त्याचा लॉग दहाने गुणायचा. दिवसाच्या सोळा तासांत जनित्र एक तास चालले तर १२ डेसिबल कमी होतात, आणि ६२.७ ची सरासरी ५०.७ होते, एकट्या जनित्रापुरती ती मर्यादेत बसते. रात्रीच्या आठ तासांत तेच जनित्र दीड तास चालले तर फक्त ७.३ कमी होतात, ५५.४ उरतात आणि मर्यादा दहा डेसिबलने ओलांडली जाते. शिवाय झोपलेल्या माणसाला सरासरी ऐकू येत नाही, ६२.७ च ऐकू येतात. रात्री चालणाऱ्या जनित्राचा निर्णय मी सरासरीवर कधीही सोडणार नाही.

बंद पंपघराचा वेगळा न्याय

पाण्याच्या पंपाची ध्वनिशक्ती त्याच्या छोट्या खोलीत पेटीच्या पद्धतीने काढू नये. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच, गुळगुळीत गिलाव्याची खोली घ्या. घनफळ ६० घनमीटर, भिंती-छत-जमीन मिळून ९४ चौरस मीटर. अशा कठीण पृष्ठांचा सरासरी शोषणांक, म्हणजे आदळलेल्या ध्वनीपैकी शोषला जाणारा हिस्सा, सुमारे ०.०५ असतो. त्याने ९४ ला गुणले की खोलीचे एकूण शोषण फक्त ४.७ चौरस मीटर येते. पंपाभोवती १ मीटरवर धरलेल्या पेटीचे क्षेत्रफळ २१.२ चौरस मीटर असेल, तर परतून येणाऱ्या ध्वनीसाठीची दुरुस्ती अशी निघते:

दुरुस्ती = १० × लॉग (१ + ४ × क्षेत्रफळ ÷ शोषण)

उत्तर जवळपास १३ डेसिबल. आयएसओ ३७४६ सारखी ढोबळ पद्धतही ७ पेक्षा जास्त दुरुस्ती मान्य करत नाही. अशा खोलीत तिच्या घुमण्याचाच उपयोग करून घ्यावा. फुगा फोडून किंवा दोन फळ्या एकमेकींवर आपटून ध्वनी ६० डेसिबलने विरायला किती सेकंद लागतात ते मापकाने पाहावे, घनफळाची ०.१६१ पट करून त्या सेकंदांनी भागले की शोषण मिळते. दोन सेकंद लागत असतील तर शोषण ४.८ चौरस मीटर. मग पंप चालू करून खोलीत, पंपापासून आणि भिंतींपासून दूर, चार-पाच ठिकाणी दाब मोजायचा, घातांनी सरासरी काढायची आणि शोषणाच्या चौथ्या भागाचा लॉग दहाने गुणून मिळवायचा. सरासरी ८४ डीबीए आली तर ध्वनिशक्ती ८४.८. हाच पंप मोकळ्या आवारात असता तर १ मीटरवर साधारण ७१.५ डीबीए दिसले असते. उरलेले साडेबारा डेसिबल खोलीचे आहेत, पंपाचे नाहीत, आणि म्हणून पंप बदलण्याआधी छताला ध्वनिशोषक लावणे शहाणपणाचे. मात्र पाइपातून आणि तळातून इमारतीच्या सांगाड्यात शिरणारे कंपन या हिशेबात येत नाही. त्याला रबरी आधार आणि लवचीक जोड हेच उपाय आहेत.

डीबीएमागे दडलेला खर्ज

डीबीए मोजताना मापक मानवी कानाच्या धर्तीवर खर्जातला ध्वनी वजा करतो: १२५ हर्ट्झला १६.१, ६३ हर्ट्झला २६.२ आणि ५० हर्ट्झला ३०.२ डेसिबल. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात ज्वलनाचे ठोके सेकंदाला ५० पडतात. म्हणजे जनित्राचा सर्वांत ठसठशीत स्वर नेमका तिथे असतो, जिथे डीबीए त्याला तीस डेसिबलने लहान करून दाखवतो. मापक ‘मर्यादेत’ म्हणत असताना खिडकीची तावदाने थरथरतात, त्याचे कारण हे आहे, आणि तक्रार करणाऱ्या रहिवाशाला मनाचे खेळ म्हणून गप्प बसवणे चुकीचे आहे. असा संशय आला की ध्वनिशक्ती अष्टक-पट्ट्यांमध्ये, म्हणजे दर वेळी दुप्पट होत जाणाऱ्या वारंवारतांच्या पट्ट्यांमध्ये वेगवेगळी, निदान ६३ ते ८००० हर्ट्झपर्यंत, काढून घ्यावी.

ध्वनिवर्धकांच्या बाबतीत दिशा फार मोठी असते. उत्सवातला कर्णा समोर १ मीटरवर १२७ डेसिबल देत असेल आणि त्याचा दिशांक, म्हणजे सर्व दिशांच्या सरासरीपेक्षा समोर जास्त जाणारे डेसिबल, १० असेल, तर ध्वनिशक्ती पातळी १२७ वजा १० अधिक ११, म्हणजे १२८, वॅटमध्ये सहाच्या थोडी वर. समोर ४० मीटरवरही ९५ उरतात. कर्णा जमिनीकडे झुकवून श्रोत्यांवर रोखला तर वरच्या मजल्यांना मोठा दिलासा मिळतो.

खरेदीच्या आदेशात काय लिहावे

पुरवठादाराकडून ‘आवाज किती’ असे विचारू नये. ध्वनिशक्ती पातळी डीबीएमध्ये आणि अष्टक-पट्ट्यांमध्ये, पूर्ण व तीन-चतुर्थांश भारावर, कोणत्या मानकानुसार मोजली त्याच्या उल्लेखासह लेखी मागावी. तो फक्त दाबाचा आकडा देत असेल तर अंतर पृष्ठभागापासून की मध्यापासून, आणि यंत्र कशावर ठेवून मोजले, हे त्याच कागदावर लिहून घ्यावे. त्यानंतर आवाराचा नकाशा घेऊन सर्वांत जवळच्या चार खिडक्यांचे अंतर टेपने मोजावे, प्रत्येकीचा हिशेब स्थानांक आणि दिशेसह मांडावा, आणि तो कागद सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताला जोडावा. यंत्र बसल्यावर त्याच खिडक्यांपाशी, भाराची नोंद ठेवून, पुन्हा मोजणी होईल आणि हिशेबापेक्षा तीन डेसिबलहून जास्त आढळल्यास दुरुस्ती पुरवठादाराच्या खर्चाने होईल, अशी अट आदेशात असावी. शेवटचा हप्ता या मोजणीनंतरच द्यावा.